दोन्ही दिशांचा प्रवाह आणि निर्मलाताई

निर्मलाताई सुर्वे यांना मी पहिल्यांदा भेटलो ते बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या कारखान्यात, माझ्या नोकरीच्या मुलाखतीच्या दिवशी. मी लहानपणापासून बोलताना अडखळतो. घरच्या माणसांत ते फारसे जाणवत नाही, पण अनोळखी माणसाने समोरून प्रश्न टाकला की पहिलेच अक्षर ओठांपाशी अडून बसते. त्या दिवशी टेबलापलीकडे कारखान्याचे मालक हर्षदभाई होते आणि शेजारी डिझाइन विभागाच्या प्रमुख म्हणून ताई. हर्षदभाईंनी मला, मोटर म्हणजे काय ते थोडक्यात सांगा, असे म्हटले. मला उत्तर येत होते. तोंडातून मात्र 'मो' च्या पुढे काही निघेना. हर्षदभाई भला माणूस. ते संकोचून खिडकीबाहेर पाहू लागले.

ताईंनी टेबलाच्या खणातून एक लहानशी मोटर काढली. तिच्या दोन तारा एका मीटरला जोडल्या. मीटरचे शून्य मधोमध होते, काटा दोन्ही बाजूंना जाऊ शकेल असे. तो सगळा संच त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

"बोलू नका. मोटरचा दांडा बोटांनी फिरवा."

मी फिरवला. काटा उजवीकडे झुकला.

"आता उलटा."

काटा डावीकडे गेला.

"जे दिसलं ते या कागदावर काढून दाखवा."

मी मोटर काढली, दोन बाण काढले, प्रवाह कुठल्या वेळी कुठून कुठे जातो ते दाखवले. हात सुरू झाल्यावर जीभही सैल झाली आणि अर्धे अधिक मी बोलूनच सांगितले. ताईंनी कागद हर्षदभाईंकडे दिला आणि म्हणाल्या, "मला हे माझ्या विभागात हवेत." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सावकाश बोलत जा. इथे कुणाला गाडी पकडायची नाही."

त्या दिवसापासून आजपर्यंत मी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहत आलो आहे, तिच्यात आदर आहे, प्रेम आहे, पण सर्वांत जास्त आहे ते आश्चर्य. एखादा माणूस इतका सरळ कसा पाहू शकतो, याचे आश्चर्य.

ताईंचे घराणे मूळचे संस्थानी फौजेतले. पणजोबा घोडदळात होते. पुढच्या पिढ्या कचेऱ्यांत आणि शाळांत गेल्या. ताईंचे बालपण दांडिया बाजारात गेले. घरात मराठी, ओट्यावर गुजराती. मुलींनी फार तर शिक्षिका व्हावे अशा काळात त्यांनी इलेक्ट्रॉनिक्स घेतले आणि वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. वडिलांना काळजी वाटे, पण ते रोज सायकलवरून त्यांना कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडत आणि एक शब्द न बोलता परत जात, असे ताई सांगतात. पुढे कारखान्यात त्या सर्वांच्या 'निर्मलाबेन' झाल्या. आम्ही चार मराठी माणसे तेवढी त्यांना 'ताई' म्हणत असू. त्या मात्र आम्हांला सगळ्यांना गुजराती रीतीने भाई आणि बेन म्हणत. मी त्यांचा सतीशभाई झालो तो आजतागायत.

कापड गिरण्यांची यंत्रे, छपाईची यंत्रे, बाटल्या पुढे सरकवणारे पट्टे, अशा किती यंत्रांच्या मोटरी त्यांच्या सर्किटांवर आज चालत आहेत, हे या गौरवग्रंथातले इतर लेखक सांगतीलच. मी त्यांच्या वागण्याविषयी लिहितो, कारण त्यांचे काम आणि त्यांचे वागणे मला कधी वेगळे दिसले नाही.

मी नवा असताना बाहेरगावचे एक खरेदीदार आले होते. मी तयार केलेल्या सर्किटच्या कार्डाविषयीच चर्चा होती, म्हणून ताईंनी मला बोलायला उभे केले. मी एका शब्दावर अडकलो. पाहुण्यांपैकी एकाने मदत म्हणून तो शब्द पुरा केला. पुढच्या वाक्यात पुन्हा तेच झाले. ताई अगदी शांतपणे म्हणाल्या, "शब्द त्यांच्याकडे आहे, येऊ द्या. मला ऐकायचंय ते त्यांच्याकडूनच." पुढचा सगळा वेळ त्या खोलीत कुणी माझा शब्द पुरा केला नाही. बैठक लांबली. मागणी मिळाली. ताईंनी त्या प्रसंगाचा नंतर कधी उल्लेखही केला नाही. पण घरी जाऊन आईला मी तो सांगितला तेव्हा तिने देवापुढे साखर ठेवली, हे ताईंना आज या लेखातूनच कळेल.

आता गुडघ्याच्या एका यंत्राची हकीकत सांगतो. ताई निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता. मधल्या काळात त्यांच्या स्वतःच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि त्या काठी घेऊन चालत. हर्षदभाईंच्या आग्रहाखातर त्या आठवड्यातून थोडे दिवस सल्लागार म्हणून येत, तेही गोत्रीहून, रिक्षाने.

गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर सांधा आखडू नये म्हणून पाय सतत थोडा थोडा हलवावा लागतो. आमच्या नव्या यंत्रात पेशंटचा पाय एका पाळण्यासारख्या आधारावर ठेवला जाई, आणि मोटर तो हळूहळू वाकवी, मग सरळ करी. पेशंटला दुखले की स्नायू आपोआप ताठतात. ताठलेला पाय हलवायला मोटरला जास्त जोर लागतो, म्हणजे ती जास्त प्रवाह ओढते. तो वाढलेला प्रवाह ओळखून यंत्राने थांबायचे आणि मागे यायचे, ही त्यातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. पाय वाकवताना प्रवाह एका दिशेने जातो, सरळ करताना उलट दिशेने. दोन्ही दिशांना तो तितकाच अचूक मोजला गेला पाहिजे.

आमच्याकडे प्रवाह मोजणारे एक जुने, भरवशाचे कार्ड होते. मोटरच्या वाटेत एक अगदी लहान रेझिस्टर ठेवायचा. प्रवाह गेला की त्याच्या दोन टोकांत विजेच्या दाबाचा किंचितसा फरक पडतो. तो फरक ऑप-अँप नावाच्या चिपने मोठा करून दाखवायचा. हे कार्ड एकाच दिशेने फिरणाऱ्या यंत्रांत वर्षानुवर्षे चालले होते. दोन्ही दिशांसाठी आम्ही त्याचे शून्य उचलून मधोमध आणले, म्हणजे एका दिशेचा प्रवाह मधल्या रेषेच्या वर दिसेल आणि उलट दिशेचा खाली. त्यासाठी आणखी दोन रेझिस्टर जोडले. बदल इतका साधा होता की सगळ्यांनी तो पाहिला आणि सगळ्यांना तो पटला.

अलकापुरीतल्या एका हॉस्पिटलात यंत्राची चाचणी होती. वामनराव कदम नावाचे, रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ आनंदाने तयार झाले होते. व्यायाम करून घेणाऱ्या मीनलबेन त्यांच्या उशाशी होत्या. मी आणि आमच्यातला एक सहकारी पायथ्याशी उभे होतो. पाय वाकवताना एकदा वामनरावांचा स्नायू ताठला आणि यंत्र लगेच थांबून मागे आले. आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो. नंतर पाय सरळ होताना त्यांच्या पोटरीत गोळा आला. पाय ताठला. यंत्र थांबले नाही, तसेच रेटत राहिले. वामनराव ओरडले. मीनलबेननी झडप घालून लाल बटण दाबले.

गुडघा सुजला. कायमची इजा नाही असे डॉक्टरांनी तपासून सांगितले, पण व्यायाम थांबवावा लागला. घाबरलेला आमचा सहकारी वामनरावांना म्हणाला, "काका, तुम्ही पाय फारच आखडलात." वामनरावांनी मान हलवली. "हो, माझंच चुकलं असेल," ते म्हणाले.

कारखान्यात परतल्यावर आम्ही घडले ते सगळे ताईंना सांगितले आणि आकडे पाहिले. पाय सरळ करताना प्रवाह नेहमीच कमी दिसत असे. त्याचे कारणही आमच्याकडे तयार होते: त्या बाजूला गिअर हलका चालतो. हर्षदभाई आले. कोपऱ्यात तयार यंत्रे खोक्यांत बंद होऊन उभी होती. निरनिराळ्या हॉस्पिटलांना ती त्याच आठवड्यात जायची होती.

"त्या बाजूची मर्यादा प्रोग्रॅममध्ये खाली आणा," हर्षदभाई म्हणाले. "कमी दिसतंय ना, मग कमीवरच थांबेल. बरोबर छे ने?"

आम्हांला ते बरोबर वाटले. ताई काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होत्या.

"गिअरच हलका आहे, हे कुणी पाहिलं?" त्यांनी विचारले.

कुणी पाहिले नव्हते.

"मोटरच्या दोन तारा अदलाबदल करा. प्रोग्रॅममध्येही दिशा उलटी करा, म्हणजे पाय हलेल तसाच हलेल, पण प्रवाह उलटा जाईल. गिअरमुळे असेल तर सरळ करतानाच कमी दिसेल. नाहीतर..." त्यांनी वाक्य पुरे केले नाही.

तारा बदलल्या. आधारावर वाळूची पिशवी ठेवून यंत्र चालवले. सरळ करतानाचा आकडा आता नीट आला, आणि वाकवतानाचा कमी झाला. पाय तोच, गिअर तोच, मोटर तीच. घट प्रवाहाच्या दिशेबरोबर सरकली होती. मग ताईंनी मोटरच्या वाटेत वेगळा मीटर जोडायला सांगितला. मीटर खरा प्रवाह दाखवत होता. आमचे कार्ड त्यातला काही भाग गिळत होते.

वर्षानुवर्षे मी मोटरींचे काम करतो आहे. दोन तारा उलट्या जोडून एवढे कळू शकते, हे मला सुचले नव्हते.

ताई फळ्यापाशी गेल्या. त्यांनी ऑप-अँपचा त्रिकोण काढला आणि त्याभोवती चार रेझिस्टर.

"हे दोन हात आणि हे दोन हात. दोन्हीकडचं प्रमाण सारखं असलं, तर मोटरच्या टोकावरचा मोठा दाब दोन्ही बाजूंनी सारखाच येतो आणि आपोआप कटतो. उरतो तो नुसता आपल्याला हवा तो बारीक फरक. आता हे तुमचं मधलं शून्य. दोन रेझिस्टरांनी बनवलं आणि थेट या हाताला जोडलं. त्यामुळे हा हात लांब झाला. तोल गेला. प्रवाह एका दिशेला असताना हे टोक खाली असतं, तेव्हा काही कळत नाही. उलट दिशेला हे टोक वर जातं, आणि तो मोठा दाब थोडासा आत झिरपतो. आपलं माप खातो." खडू खाली ठेवून त्या म्हणाल्या, "मीही हे कार्ड पाहिलं होतं. मलाही दिसलं नाही."

"मग प्रोग्रॅममध्ये तेवढं वाढवून घेऊ," हर्षदभाई पुन्हा म्हणाले. त्यांचा आवाज आता विनवणीचा होता. "बेन, माल पॅक झालाय. माणसं वाट पाहतायत."

"आज जुळेल, हर्षदभाई. वेग बदलला की जुळणार नाही. सप्लाय थोडा वरखाली झाला की जुळणार नाही. आणि त्या वेळी टेबलावर वाळूची पिशवी नसेल, कुणाचा तरी कापलेला गुडघा असेल."

"आणि मी पाठवलीच तर?"

"तर मी उद्यापासून येणार नाही. आणि ज्या ज्या हॉस्पिटलात ती जातील तिथे जाऊन सांगेन."

त्यांचा आवाज चढला नव्हता. हर्षदभाई खोक्यांपाशी गेले, एका खोक्यावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. कारखाना त्यांनी स्वतःच्या हिमतीवर उभा केला होता आणि हे यंत्र त्यांचे स्वप्न होते, हे आम्ही जाणून होतो. मग ते वळले. "खोलो," ते म्हणाले. "बधां खोलो." सगळी खोकी उघडा. त्यांचाही मोठेपणा या ग्रंथात नोंदवला जावा असे मला वाटते, कारण ताईही तो नेहमी बोलून दाखवतात.

उपाय पाहून मी थक्क झालो. आमच्या चिपमध्ये दोन ऑप-अँप असतात. एक आम्ही वापरला होता, दुसरा तसाच पडून होता. ताईंनी तो दुसरा मधल्या शून्याच्या आणि त्या हाताच्या मध्ये बसवला. आता मधला दाब आपल्या जागी ठाम राहणार होता आणि हाताची लांबी बिघडणार नव्हती. नवा सुटा भाग एकही लागला नाही. कार्डावरची तांब्याची एक पट्टी कापायची आणि बारीक तारा जोडायच्या. पहिले कार्ड ताईंनी स्वतः, भिंग लावून, सांधले.

वाळूच्या पिशवीवर दोन्ही दिशांचे आकडे जुळले. आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला. ताईंनी काठी भिंतीला टेकवली आणि म्हणाल्या, "आता माझा पाय."

हर्षदभाई पुढे आले. "ना बेन, तमे नहीं. मी झोपतो."

"तुमचा गुडघा धडधाकट आहे. त्याला काय कळणार?"

हेतलबेन नावाच्या आमच्या सहकारी होत्या. त्यांनी टेबलावर चादर अंथरली, उशी आणली. ताई निजल्या. त्यांचा पाय आम्ही आधारावर ठेवला तेव्हा गुडघ्यावरचा लांब व्रण दिसला. मी नकळत नजर वळवली. ताई म्हणाल्या, "सतीशभाई, स्क्रीनकडे पाहा. माझ्याकडे नको."

यंत्र सुरू झाले. पाय वाकत असताना त्यांनी स्नायू आवळला. स्क्रीनवरची रेषा मधल्या रेषेवरून वर चढली, यंत्र थांबले, मागे आले. मग पाय सरळ होऊ लागला. हाच तो क्षण होता. हेतलबेनचा हात लाल बटणावर होता. ताईंनी दात आवळून पाय ताठ केला. रेषा खाली उतरली, मघाशी जितकी वर गेली होती अगदी तितकीच, आणि यंत्र थांबले. पाय अलगद मागे आला.

"पुन्हा," ताई म्हणाल्या. "आता वेग वाढवून."

असे त्यांनी कितीदा तरी करायला लावले. वेग बदलून, सप्लाय कमीजास्त करून. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. प्रत्येक वेळी यंत्र थांबले. शेवटी त्या उठून बसल्या, पदराने तोंड पुसले आणि हेतलबेनना म्हणाल्या, "चहा मिळेल का?" तेव्हा हर्षदभाईंच्या डोळ्यांत पाणी होते, आणि चहा आणायला ते स्वतः गेले.

एवढ्यावर हे प्रकरण संपले असते, तरी ताईंविषयीचा माझा आदर कायमचा झाला असता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बरोबर घेतले आणि रिक्षा निजामपुऱ्याकडे घ्यायला सांगितली. वामनरावांचे घर वरच्या मजल्यावर होते आणि लिफ्ट बंद होती. ताई एकेक पायरी चढत वर गेल्या.

वामनराव खुर्चीत पाय लांब करून बसले होते. ताईंना पाहून ते ओशाळले. "बाई, तुमच्या नव्या मशीनची मी नाचक्की केली," ते म्हणाले. "सगळी तयारी केलीत, आणि मीच घाबरून पाय आखडला. आता व्यायामालाही मन घेत नाही. घरातले म्हणतात, तुम्ही सहनच करत नाही."

ताई त्यांच्यासमोर बसल्या. "वामनराव, तुमचा पाय बरोबर होता," त्या म्हणाल्या. "चूक आमच्या मशीनची होती. तुम्हांला दुखत होतं, तुमच्या पायाने ते सांगितलं, आणि आमच्या मशीनला ते ऐकू आलं नाही. हे तुम्हांला सांगायलाच आलेय. माफी मागते."

त्यांच्या पत्नी दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग वामनरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"म्हणजे मी भित्रा नाही," ते म्हणाले.

"अजिबात नाही."

ताईंनी मग स्वतःच्या गुडघ्याची हकीकत त्यांना सांगितली. शस्त्रक्रियेनंतर आपण कशा रडलो, व्यायाम करून घेणारीला कसे ओरडलो, ते सगळे. दोघेही हसू लागले. निघताना वामनराव म्हणाले, "व्यायाम पुन्हा सुरू करतो. आणि तुमच्या मशीनवरच करतो." त्यांनी तो केला, मीनलबेनच्या देखरेखीखाली, आणि त्याच पायांनी ते आता रोज बाजारात जातात.

परतताना रिक्षात मी ताईंना विचारले, की हे काम आम्हांलाही करता आले असते, तुम्ही एवढ्या पायऱ्या कशाला चढलात. त्या रस्त्याकडे पाहत म्हणाल्या, "त्यांचंच चुकलं, हे खोटं आपण हॉस्पिटलात त्यांच्या तोंडावर सांगितलं. मग खरंही तसंच सांगायला हवं ना?"

त्यानंतर ताईंनी सल्लागाराचे कामही हळूहळू थांबवले. आता गोत्रीतल्या त्यांच्या घरी शनिवारी कॉलेजची मुले-मुली जमतात. घरात पाऊल टाकताना मराठी, टेबलाशी बसल्यावर गुजराती, आणि भांडण जुंपले की हिंदी, असा तो वर्ग चालतो. सध्या ताई अशक्त झालेल्या हातांना पकड देणारे एक साधन तयार करत आहेत. त्यातल्या लहानशा मोटरीचा प्रवाह इतका कमी आहे की तो मोजताना ऑप-अँपची स्वतःची चूकच त्याहून मोठी ठरते. "अजून जमलेलं नाही," असे त्या परवा म्हणाल्या, आणि ते सांगताना त्यांचा चेहरा एखाद्या विद्यार्थिनीसारखा उजळला होता.

निर्मलाताईंना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत असताना त्यांच्यासाठी काय मागावे, याचा मी पुष्कळ विचार केला. मान त्यांना नको असतो. विश्रांती दिली तर त्या ती परत करतील. म्हणून एवढेच मागतो, की त्यांचे गुडघे, डोळे आणि हात त्यांच्या मनाच्या वेगाने चालत राहोत. जे अजून जमलेले नाही ते जमवायला त्यांना भरपूर आणि निरामय वर्षे मिळोत. आणि ते जमले, की आणखी काहीतरी न जमणारे त्यांच्या टेबलावर येवो. आम्ही सगळे बडोद्यातच आहोत, हाकेच्या अंतरावर. ताईंनी हाक मारावी आणि आम्ही हातातले काम टाकून निघावे, असे पुष्कळ, पुष्कळ वर्षे चालत राहो.